मधल्या जागेची झीज

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही साताऱ्याहून परत येत होतो. लेक बंगळूरहून चार दिवसांसाठी आली होती. खंबाटकीचा बोगदा मागे टाकून शिरवळला चहाला थांबलो, तेव्हा ती म्हणाली, "आई, आता मी घेते. तू बस जरा." मी किल्ली दिली. आमची जिप्सी १९९८ची. लेकीपेक्षा थोडीच लहान. तिनं ती कॉलेजात असताना कॉलनीच्या मैदानात चालवली होती, पण हायवेवर कधीच नाही. नीरेचा पूल ओलांडला, काटा सत्तरच्या आसपास आला आणि तिचं बोलणं हळूहळू बंद झालं. पाऊस भुरभुरत होता. वायपर काचेवर रबर घासत होते. उजवीकडून एक लांबलचक कंटेनर पुढे गेला, त्याच्या वाऱ्यानं गाडी आधी डावीकडे ढकलली गेली आणि त्याची शेपूट पार होताच त्याच्याकडे ओढली गेली. लेकीनं स्टेअरिंग वळवलं, मग उलट वळवलं, मग पुन्हा. गाडी पाण्यातल्या होडीसारखी दोनदा झुलली आणि सावरली. तिनं पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी आत घेतली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही तळवे ओढणीला पुसले. "आई, ही सरळ जात नाहीये."

"जाते की. नीट धर म्हणजे झालं."

"धरलंच होतं. तू रोज अशी धरूनच चालवतेस?"

मी उत्तर न देता तिच्या जागी जाऊन बसले आणि गाडी रस्त्यावर घेतली. गाडी मुकाट्यानं सरळ चालू लागली. मला अगदी क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं. पण खेड-शिवापूरच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला, तेव्हा मी माझ्या हातांकडे पाहिलं. मनगटं थांबत नव्हती. डावीकडे किंचित, उजवीकडे किंचित, पुन्हा डावीकडे. कणीक मळताना होते तशी ती हालचाल चालू होती आणि मला तिचा पत्ताच नव्हता. मी पकड सैल केली. मनात एक, दोन, तीन म्हणेपर्यंत गाडी डाव्या पांढऱ्या पट्टीवर गेलेली होती.

त्या रात्री झोप लागेना. गाडी बिघडली आहे याचं तितकंसं वाटत नव्हतं, सत्तावीस वर्षांची गाडी बिघडणारच. मला खुपत होतं ते वेगळंच. हे किती दिवसांपासून चाललंय, ते मला सांगता येत नव्हतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. पानाच्या कडेला एक दात जास्त असला तर मला दिसतो. केळदच्या वाटेवर धुक्यात, दहा हातांवरून, सोनकी कुठली आणि कवला कुठला हे मी सांगू शकते. आणि ज्या गाडीत बसून त्या वाटेवर गेले, ती वर्षानुवर्षं भरकटत होती ते मला कळलं नाही. लेकीला ते पंधरा मिनिटांत कळलं. तिचे हात कोरे होते म्हणून.

दुसऱ्या दिवशी सोमवार असूनही तिनं मला सोडलं नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी चटई टाकून गाडीखाली शिरले आणि ती स्टेअरिंगला बसली. ही तपासणी जुनी आणि साधी आहे. इंजिन बंद, चाकं जमिनीवर, आणि वर बसलेल्यानं स्टेअरिंग इकडून तिकडे थोडं थोडं हलवत राहायचं. खालच्या माणसानं बघायचं, की हालचाल कुठपर्यंत पोचते आणि कुठे हरवते. खाली माडाखालच्या ओल्या मातीचा, जुन्या ग्रीसचा आणि पानशेतकडून चिकटून आलेल्या वाळक्या गवताचा मिसळलेला वास होता. "हलव," मी म्हणाले. वर स्टेअरिंगचा रिम जवळजवळ दोन इंच फिरला तरी चाक जागचं हललं नाही. मी नजर मागून पुढे नेली. स्टेअरिंगच्या बॉक्समध्ये जाणारा दांडा फिरत होता. बॉक्समधून बाहेर येणारा आर्म त्याच्यानंतर, थोडा उशिरानं, जागा होत होता. त्या आर्मची हालचाल चाकाकडे नेणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे ड्रॅग लिंकच्या, टोकाचा बॉल जॉइंट आधी स्वतःच्या वाटीत कुरकुरायचा आणि मग पुढे ढकलायचा. दोन्ही चाकांना जोडणारा टायरॉड ठीक वाटला. आणि डाव्या चाकाच्या नकलमध्ये, म्हणजे चाकाला धरून वळवणाऱ्या सांध्यात, काहीतरी होतं, टचकन होऊन थांबणारं. ते डोळ्यांना दिसत नव्हतं, पण नकलवर बोट ठेवलं की कळत होतं. एका ठिकाणी सगळा दोष सापडेल अशी माझी समजूत होती. तो तीन ठिकाणी थोडा थोडा वाटलेला निघाला.

लेक बुधवारी परत गेली. जाताना म्हणाली, "हे नीट होईपर्यंत हायवेला नको नेऊस." मी हो म्हणाले.

पुढचे तीन आठवडे सांगण्यासारखे नाहीत, तरी थोडक्यात सांगते. आधी एका मोठ्या टायरच्या दुकानात अलाइनमेंट केली. पडद्यावरचे काही लाल आकडे हिरवे झाले, पण पुढचा अॅक्सल अखंड असलेल्या गाडीत तिथे बदलता येतो तो फक्त टो, म्हणजे दोन्ही चाकांनी पुढच्या बाजूला एकमेकांकडे किती झुकायचं तेवढंच. बाकीचे कोन अॅक्सलमध्ये आणि स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये कायमचे बसलेले असतात. पडद्यावर कॅस्टरचा, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याच्या मागच्या कलाचा, आकडा लालच राहिला होता, आणि त्याबद्दल मी विचारलं तेव्हा, "तो या गाडीला होत नाही मॅडम," एवढंच उत्तर मिळालं. मग एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मुलानं स्टेअरिंग हलवून पाहिलं, बॉनेट उघडलं, बॉक्सच्या डोक्यावरचा नट सैल केला आणि मधला स्क्रू पिळत पिळत प्ले काढून टाकला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. रिमची ती दोन इंचांची पोकळी गेली. स्टेअरिंग असं घट्ट झालं, की मला वाटलं आता काम झालं.

घरी येताना पौड रोडवरून पाषाणकडे, एआरएआयच्या टेकडीच्या कडेनं वळले आणि पोटात गोळा आला. वळण घेतलं, वळण संपलं, पण स्टेअरिंग परत आलं नाही. जिथे ठेवलं तिथेच राहिलं. दर वेळी ते मलाच सरळ करावं लागत होतं, आणि सरळ नेमकं कुठे आहे हे सापडत नव्हतं. थोडं जास्त गेलं की परत आणा, परत आणताना पुन्हा थोडं जास्त. आधी गाडी सैल असल्यामुळे भरकटत होती. आता घट्ट असल्यामुळे भरकटत होती. आणि हातांना हे दोन्ही अगदी एकसारखं जाणवत होतं. डोळे मिटून विचारलं असतं, तर मी फरक सांगू शकले नसते.

काकांचा पत्ता मला आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसानं दिला. दापोडीच्या बाजूला रेल्वेलाइनजवळ त्यांची पत्र्याची शेड आहे. फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होते, आयुष्यभर जिप्स्या आणि ट्रक उघडले-जोडले, आता सत्तरीला आले तरी सकाळी आठला शेडचं कुलूप काढतात. बोली साताऱ्याकडची. गाडी आत घेताना त्यांनी मला ती आधी मागे न्यायला सांगितली आणि स्वतः बाहेर उभं राहून नुसतं बघितलं. मी शेडपर्यंतचा पन्नास-साठ फुटांचा रस्ता चालवत आले तेवढ्यात त्यांचं निम्मं बघून झालं होतं. "ताई, पुढनं उचलल्याली दिसतीया. शॅकल लांब टाकलीत?" मी हो म्हणाले. "कवा?" २००९ साली, मी सांगितलं. तेव्हा मढे घाट आणि केळदकडच्या वाटांवर माझं फिल्डवर्क जोरात होतं, कातळाचे दात गाडीच्या पोटाला घासायचे, म्हणून चारही पाट्यांचे शॅकल, म्हणजे पाटा गाडीच्या सांगाड्याला टांगणाऱ्या कड्या, दीड इंचानं लांब करून घेतले होते. गाडी उंच झाली, देखणीही झाली. मला ती तशी फार आवडायची. "आणि ह्यो डॅम्पर?" २०१४ साली साठच्या पुढे पुढची चाकं थरथरायला लागली, तेव्हा हा हिसके शोषणारा डॅम्पर बदलून जाड बसवला. "थरथर गेली?" गेली. ते काही बोलले नाहीत. फक्त डॅम्परच्या नळीवर दोन बोटं टेकवली आणि उचलली.

मग त्यांनी पहिलं काम असं केलं, की मी पुढे झाले. त्यांनी बॉक्सचा तो स्क्रू पुन्हा ढिला केला.

"अहो, आत्ताच घट्ट करून घेतलाय."

"म्हनूनच," ते म्हणाले. "ह्याचा दोष थोडा हुता. पोरानं समद्यांचा हिशेब ह्या एकट्याकडनं वसूल केला."

स्टेअरिंग बॉक्सचं त्यांनी जे समजावलं ते मी तेव्हापासून मनात घोळवते आहे. आत एक आटे पाडलेला दांडा असतो, त्याच्या आट्यांमधून बारीक पोलादी गोळ्या फिरतात, त्या एका नटाला पुढे-मागे सरकवतात आणि नट एका दातेरी पंख्याला फिरवतो. बनवतानाच त्याचे दात असे घडवलेले असतात, की मध्ये, म्हणजे गाडी सरळ जात असताना, ते सगळ्यांत घट्ट बसावेत आणि कडेच्या वळणांना किंचित सैल असावेत. पण गाडी जन्मभर जाते कुठे? सरळच. वळणं किती असणार, थोडीच. त्यामुळे झीज होते ती मध्ये. कडा नव्यासारख्या राहतात, आणि मधली जागा खाल्ली जाते. मग मधला प्ले काढायला स्क्रू पिळला, की न झिजलेल्या कडा अडकायला लागतात. "थोडा घेता येतो," काका म्हणाले, "पर सगळा न्हाई. सगळा घ्यायला गेलं की जखडती."

सरळ जाण्यानंच झिजते. मी हे वाक्य शेडमधल्या स्टुलावर बसून दोन-तीनदा मनात म्हटलं.

त्यानंतर पुढचा भाग जॅकवर घेतला, अॅक्सलखाली घोड्या लावल्या. काकांनी डाव्या टायरला वर आणि खाली हात लावून आत-बाहेर हलवलं. टचकन आवाज आला, माझ्या बोटाला पार्किंगमध्ये कळलेला तोच. मला म्हणाले, ब्रेक दाबून धरा. मी आत बसून ब्रेक दाबला. त्यांनी पुन्हा हलवलं, आवाज तसाच. यातला तर्क मला एखाद्या चांगल्या प्रयोगासारखा वाटला. ब्रेक दाबला, की चाक आणि नकल एकमेकांना बांधले जातात, म्हणजे चाकाचं बेअरिंग सैल असेल तर हालचाल बंद पडायला हवी. बंद पडली नाही, म्हणजे दोष त्याच्या आत, नकल ज्यावर फिरतो त्या किंगपिनमध्ये. एका पावलात दोन शक्यतांतली एक गळाली. मी विद्यार्थ्यांना वनस्पती ओळखायच्या किल्ल्या शिकवते त्या अशाच असतात, पानं समोरासमोर की एकाआड एक, हे झालं की पुढचं. फक्त इथे पानांऐवजी लोखंड होतं आणि किल्ली पन्नास वर्षं मुरलेल्या हातांत होती.

टायरॉड सोडवून, सील काढून, काकांनी नकलला स्प्रिंगचा काटा लावला, भाजीवाले पूर्वी वापरायचे तसला, आणि आडवा ओढला. हिशेबानं नकल एक ते पावणेदोन किलोच्या ओढीला हलायला सुरुवात करायला हवा. उजवा किलोभर दाखवत होता. डावा तीनशे ग्रॅमवरच सुटला, थोडा फिरला, आणि मग एका जागी काट्याची सुई एकदम वर उडाली आणि खाली पडली. काकांनी तो पुन्हा मागे नेला, पुन्हा ओढला. पुन्हा त्याच जागी. "बघा, खाच," ते म्हणाले. किंगपिन काढला, खालचं बेअरिंग बाहेर आलं, रॉकेलच्या डब्यात बुडवून त्यांनी बाहेरची वाटी माझ्या हातात दिली. आतल्या गुळगुळीत पोलादावर एकाशेजारी एक अशा बारीक उभ्या रेघा होत्या. मी नखानं चाचपून पाहिल्या. नख प्रत्येक रेघेत अडकत होतं. किंगपिनचं बेअरिंग चाकासारखं गोल गोल फिरत नाही, थोडंसं इकडे, थोडंसं तिकडे एवढंच. त्यामुळे त्याचे रोलर वर्षानुवर्षं त्याच जागी बसून ठेचत राहतात आणि स्वतःसाठी खड्डे पाडतात. हे खड्डेही मध्येच, सरळ जाण्याच्या जागी. मग चाकाला त्या खड्ड्यात बसायची सवय लागते. जरा बाहेर काढलं की ते उडी मारतं. २०१४ साली थरथरायला लागलं ते यामुळेच असावं. तेव्हा आम्ही जाड डॅम्पर बसवला, थरथर गेली, आणि डॅम्परच्या आड हे बेअरिंग पुढची अकरा वर्षं निवांत ठेचत राहिलं.

मला त्या वाटीकडे बघताना वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी दर दसऱ्याला या गाडीला झेंडूची माळ घातली आहे, तेल वेळेवर बदललं आहे, पावसाळ्यानंतर खालून पाण्याचा मारा करून चिखल काढला आहे. मी हयगय केली नव्हती. दर वेळी जे दुखलं त्यावर इलाज केला होता. पण प्रत्येक इलाजानं आधीचं दुखणं झाकलं होतं.

बेअरिंग आणायला मी स्वतः नाना पेठेत गेले. काका म्हणाले होते पोराला पाठवतो, पण मला जायचं होतं. श्रावणातली दुपार, ऊन आणि सर यांचा खेळ, आणि त्या अरुंद गल्ल्यांमध्ये रबर, ग्रीस आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास. दुकानदारानं जुनी वाटी हातात घेतली, उलटी केली, कडेवरचा आकडा अंगठ्यानं पुसून वाचला आणि मागे न बघताच पोराला माळ्यावरचा नंबर सांगितला. चार बेअरिंग, सीलचा संच, शिमांची एक पुडी. शिम म्हणजे कागदाइतक्या पातळ पोलादी चकत्या. किंगपिनच्या टोपीखाली एक चकती कमी केली, की बेअरिंग जास्त आवळलं जातं, एक वाढवली, की सैल होतं. ती पुडी पर्समध्ये टाकून मी लक्ष्मी रोडपर्यंत चालत आले. एवढी मोठी गाडी अशा चकतीवर सरळ राहते, याचं मला कौतुक वाटत होतं.

चालता चालता आईची शिलाई मशीन आठवली.

नारायण पेठेतल्या वाड्यात आई ब्लाउज शिवायची. पायमशीन होतं, काळं, सोनेरी वेलबुट्टी झिजलेली. सुईखालचे कापड पुढे सरकवणारे दाते एका बाजूनं गेलेले होते, त्यामुळे कापड डावीकडे पळायचं. आई डाव्या हाताची दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, कापडावर एका विशिष्ट जागी टेकवून ठेवायची. टीप सरळ यायची, दोरी लावून काढल्यासारखी. मी शिवायला बसले की कापड पळायचं, आणि आई म्हणायची, नीट धर. तिला कधी वाटलंच नाही, की मशीनमध्ये काही आहे. मी दहावीत असताना एक मशीनवाला तेल घालायला आला, त्यानं दाते बघितले आणि न विचारता बदलून टाकले. दुसऱ्या दिवशी आईच्या टिपा उजवीकडे जायला लागल्या. पंधरा-वीस दिवस. तिनं दोन ब्लाउज उसवले. तिनं त्या माणसाला वाड्यात बोलावून घेतलं आणि दारातच सांगितलं, "माझं मशीन होतं तसं करून द्या." तो बिचारा खाली बसला, एक चिंधी घेतली, हात न लावता नुसतं पाय चालवून टीप घालून दाखवली. सरळ. आई बराच वेळ त्या चिंधीकडे बघत राहिली. तेव्हा मला ती हट्टी वाटली होती. शिरवळच्या पुढे मी लेकीला जे म्हणाले, ते शब्द आईचेच होते.

शेवटी राहिला कॅस्टर, जो पडद्यावर लाल राहिला होता. काकांनी नवीन बेअरिंग बसवून, शिम जुळवून, काट्यावर दोन्ही बाजूंना दीड किलोची सारखी ओढ आणली. मग गाडी सपाट फरशीवर उभी करून किंगपिनच्या टोपीवर कोन मोजायचं चुंबकी यंत्र ठेवलं. किंगपिन वरच्या टोकाला किंचित मागे झुकलेला हवा, या गाडीला साधारण साडेतीन अंश. आमच्यात जेमतेम एक अंश उरला होता. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला, की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, अॅक्सल थोडा फिरतो आणि किंगपिनचा मागचा कल निघून जातो. सायकलचा पुढचा चिमटा असाच तिरका असतो. फर्ग्युसन रस्त्यावर आम्ही मुली दोन्ही हात सोडून सायकल चालवायचो ते बरंचसं त्या तिरकेपणाच्या जोरावर. चाक आपोआप मागे राहायला बघतं, आणि त्यामुळे सरळ राहतं. तो कल काढून घेतला, की चाकाला सरळ कुठे आहे ते कळेनासं होतं आणि मग चालवणाऱ्याला ते दर क्षणी सांगावं लागतं. सोळा वर्षं मी सांगत होते.

काकांनी दोन मार्ग सांगितले. पाटा आणि अॅक्सलच्या मध्ये पाचर बसवायची, उंची तशीच राहील, कल परत येईल, पण मग पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा सांधा जास्त वाकडा चालेल आणि फोर-व्हीलमध्ये कटकट करेल. किंवा मूळचे आखूड शॅकल परत लावायचे. "तुमी अजून जाता का तिकडं, कातळावनं?" त्यांनी विचारलं. मी विचार केला. केळदला आता रस्ता चांगला झाला आहे. गुडघ्यामुळे मी स्वतः वर्षातून दोनदाच उतरते. तरी उंच गाडी सोडवेना. तिच्यात बसून खाली कुंपणापलीकडची शेतं दिसायची, करवंदीच्या जाळीवरून पलीकडे बघता यायचं. दोन दिवस मी निर्णय टाळला. मग फोन करून सांगितलं, आखूडच लावा. आता गाडीत चढताना पाय पूर्वीपेक्षा कमी उचलावा लागतो, आणि दर वेळी मला थोडं चुकल्यासारखं होतं. ते अजून गेलेलं नाही.

ड्रॅग लिंकचं टोक बदललं, जाड डॅम्पर काढून मूळ मापाचा लावला. टो काकांनी खडूची खूण आणि टेप घेऊन मोजला, टायरच्या पुढच्या बाजूला आणि मागच्या बाजूला, आणि मागच्यापेक्षा पुढे चार मिलिमीटर कमी ठेवले. मोठ्या दुकानातल्या पडद्याच्या आकड्याशी ते जुळलं. बॉक्सचा स्क्रू त्यांनी सगळ्यांत शेवटी, बाकी सगळं झाल्यावर, पावभर फिरवला. रिमला अर्ध्या इंचाची पोकळी ठेवली. "येवढी असू द्या," म्हणाले. "तिलाबी श्वास घ्यायला जागा पायजे."

गणपतीच्या आधीच्या रविवारी पहाटे मी एकटीच साताऱ्याच्या दिशेनं निघाले. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला, खेड-शिवापूर गेलं, रस्ता मोकळा झाला, सत्तर. आणि गाडी भरकटायला लागली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, अगदी पूर्वीसारखी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सगळं करून हेच? मी कडेला घेऊन काकांना फोन लावला. सकाळचे साडेसहा वाजले होते, ते उठलेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मागे चहाच्या भांड्याचा आवाज येत होता. "ताई," ते म्हणाले, "मूठ नका धरू. दोन बोटं ठेवा निस्ती. आन तिला जाऊ द्या."

मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. तळवे उघडले, रिमवर फक्त बोटं ठेवली. खांदे वर चढलेले होते, ते खाली आणायला जोर करावा लागला. गाडी आपल्या वाटेनं सरळ चालली. भाताच्या खाचरांवर धुकं होतं, समोर पुरंदरच्या बाजूला आभाळ पिवळं होत होतं. मागून एक कंटेनर आला, आरशात मोठा होत गेला. त्याचा वारा लागला, गाडी किंचित डावीकडे झाली, माझं मनगट उडालं आणि मी ते अडवलं. गाडी स्वतःच परत आली. तो पुढे निघून गेला, त्याची शेपूट पार झाली, तिनं पुन्हा थोडं हेलकावून घेतलं आणि पुन्हा आली. मी काहीच केलं नव्हतं.

शिरवळला त्याच टपरीवर थांबले. लेकीला फोटो पाठवला, गाडीचा, मागे धूर सोडणारी किटली. तिचा लगेच फोन आला. "कशी जाते?" सरळ जाते, मी म्हणाले. "मग आवाज असा का येतोय तुझा?" मी काही नाही म्हणाले. चहाचा पेला उजव्या हातात होता. डावा हात गाडीच्या दारावर टेकलेला होता, आणि त्याची दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, पत्र्यावर दाबून कुठलीतरी पळणारी वस्तू धरून ठेवल्यासारखी वाकलेली होती.